समोर बसलेला गैरहजर

दिवाळीची सुट्टी संपल्यापासून पंकजने एकही दिवस शाळा चुकवली नव्हती, आणि हजेरीपटावर तो एकही दिवस हजर नव्हता. चौथीच्या वर्गात खिडकीखाली बसून तो गणितं सोडवायचा, मधल्या सुट्टीत लिंबाखाली डबा खायचा, शाळा सुटली की घरी यायचा. पण सकाळी आबासाहेब सरांनी नाव पुकारलं की त्याच्या तोंडून ‘हजर’ हा शब्द काही निघत नसे. जो हजर म्हणत नाही तो गैरहजर, असा सरांचा दिवाळीनंतरचा नवा कायदा. आता सरांनी निरोप धाडला होता: उद्या बापाने येऊन पोराचं तोंड उघडावं, नाहीतर पटावरून नाव कमी होईल, मग वार्षिक परीक्षेला बसायचं नाही.

निरोप ऐकून भाऊसाहेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांवर नाही, पोरावर. भाऊसाहेब पाथर्डी आगारात कंडक्टर. बाजारच्या दिवशी ‘पुढं सरका’ म्हटलं की कोंबड्या घेऊन चढलेल्या म्हाताऱ्यासुद्धा निमूट पुढं सरकायच्या. आणि घरात दहा वर्षांचं पोरगं ‘पाणी आण’ म्हटलं तर पाणी आणत नव्हतं.

हट्टी पोरं त्याने पुष्कळ पाहिली होती. हट्टी पोराला काहीतरी हवं असतं. ह्याला काय हवंय तेच कळायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात पंकजच पाठीस लागला होता, मला गाडीत न्या, मला तिकिटं टोचू द्या. पाथर्डी ते नगर सगळे थांबे त्याला ओळीने पाठ. एका सकाळी भाऊसाहेबाने खुशीत येऊन म्हटलं, “चल, आज पंच तुझ्या हातात.” पोरगं जे खाटेखाली शिरलं ते बाहेरच येईना. आतून रडत होतं, “मला जायचंय, मला जायचंय.”

“मग चल की.”

“न्हाई.”

त्या दिवशी भाऊसाहेबाने कमरेचा पट्टा काढला. पोरगं तरीही बाहेर आलं नाही, आणि वर दोन दिवस जेवलं नाही.

पंकजच्या आईने, जयमालाने मात्र स्वतःपुरती एक रीत पाडून घेतली होती. पोराला ती काही सांगतच नसे. “भात गार व्हाया लागला वाटतं,” असं पातेल्याकडे बघून म्हणायची. चपला दाराशी ठेवून आपल्या कामाला लागायची. थोड्या वेळाने पोरगं आपलं आपण ताटावर येई, चपला घाली. भाऊसाहेबाला ह्याचा फार राग यायचा.

“पोराशी बोलतीस का भिताडाशी?”

“कुनाशी बी बोलते. पोरगं जेवतंय न्हवं?”

“लाडावून ठिवलंस.”

“लाड न्हाई त्यो. कुनी ‘कर’ म्हनलं की त्याचा जीव घाबरा हुतो. तुमाला त्याचा माज दिसतो. मला त्याचं काळीज धडधडताना दिसतं.”

काळीज बिळीज काही नाही, असं भाऊसाहेबाचं ठाम मत. भावकीत तर जो तो वैद्य. चार दिवस आमच्याकडं धाडा, सुतासारखा सरळ करतो, असं सांगणाऱ्यांची रांग होती. स्वतःची पोरं उकिरड्यावर पत्ते खेळताहेत, आणि हे दुसऱ्याचं पोरगं सरळ करणार.

पण भाऊसाहेबाच्या रागाखाली दुसरीच एक आग होती. त्याचा बाप ह्याच शाळेत शिकला. म्हणजे दाराबाहेर, पायरीखाली बसून. नाव पुकारलं की तो घसा फोडून ‘हजर’ ओरडायचा, आणि तेव्हाच्या मास्तरांना लहर असेल तरच ते ऐकू जायचं. दुसरीतच त्याची शाळा सुटली. पुढे छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याने एकच ध्यास धरला, पोरं शिकली पाहिजेत. आज त्याचा नातू वर्गाच्या आत बसतो आणि साधा एक शब्द म्हणत नाही. ह्या संतापाला भाऊसाहेबाकडे कुठे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. तरी अंगात खाकी चढवली, खाकीचा जरा वचक असतो म्हणून. तिघंही शाळेत गेली.

आबासाहेब सर काही राक्षस नव्हते. शिकवायला चांगले, वेळेला पक्के. फक्त आपला नियम आणि आपली अब्रू ह्यांत त्यांना फरक कळत नसे. हजेरीपट उघडून ते म्हणाले, “पंकज, सगळ्यांसमोर एकदा हजर म्हण. मागचं सगळं मी भरून घेतो.”

पंकज हसला. “आज पंकज आला न्हाई. मी त्याचा भाऊ हाय.”

वर्ग खिदळला. सर भाऊसाहेबाकडे वळले. “बघितलंत? रोज हेच. काल म्हणे, जीभ मामाच्या गावाला गेलीय, आली की सांगतो.”

“पंक्या,” भाऊसाहेब म्हणाला, “हजर म्हन.”

पोराचं हसू मावळलं.

“म्हन म्हनतो ना.”

पंकजने कानांवर हात ठेवले आणि तो सरांच्या टेबलाखाली शिरला. भाऊसाहेबाने वाकून पाय धरून ओढला, तर पोरगं मनगटाला कडकडून चावलं. भाऊसाहेबाचा हात वर गेला. तो जयमालाने वरच्या वर धरला.

“हात लावाल तर मी घरी येनार न्हाई,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ती खरंच आली नसती.

“मारू द्या हो त्यांना,” सर म्हणाले. “आम्ही मारलं की तुम्ही लोक लगेच अर्ज घेऊन निघता.”

तुम्ही लोक. भाऊसाहेबाने ऐकलं, गिळलं. पोराची परीक्षा अडली होती.

“बरं, पोराचं राहू द्या,” सरांनी समजुतीचा सूर लावला. “त्याच्या वतीने तुम्ही म्हणा. आमचं वळण चुकलं, माफी असावी. एवढं मुलांसमोर म्हणा, मी नाव ठेवतो.”

ह्यात अवघड काय होतं. भाऊसाहेब दिवसातून दहादा चुकलं म्हणायचा, कधी प्रवाशाला, कधी आगारातल्या साहेबाला. त्यात त्याचं काही झिजत नसे. तो म्हणणारच होता. त्याने तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

“म्हणा,” सर म्हणाले.

त्याची छाती धडधडू लागली. खाकीच्या कॉलरखाली घाम आला. शब्द माहीत होते, म्हणायचीही इच्छा होती, पोराचं वर्ष त्यावर टांगलं होतं. आणि घसा कुणीतरी मुठीत धरावा तसा आवळला होता.

“अहो म्हणा ना. एवढं काय त्यात?”

सरांच्या प्रत्येक ‘म्हणा’बरोबर ती मूठ आणखी घट्ट होत होती. पळून जावं असं त्याला वाटलं. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि कुठेतरी खाली शिरून बसावं असं वाटलं. तेव्हा त्याची नजर टेबलाखाली गेली. पंकज कानांवरचे हात काढून त्याच्याकडेच बघत होता.

“पप्पा,” पोरगं हळूच म्हणालं, “जीभ गावाला गेली का?”

भाऊसाहेब खाली वाकला.

“येती. कुनी बोलावलं न्हाई ना, मग येती.”

खाटेखाली रडत ‘मला जायचंय’ म्हणणारं पोरगं भाऊसाहेबाला आठवलं, आणि हातातला पट्टा. आणि मग त्याला असा राग आला, असा राग आला, की घसा आपोआप मोकळा झाला. पण जे म्हणायला सांगितलं होतं ते त्यातून निघालंच नाही.

“सर, माझा बाप ह्या पायरीखाली बसून हजर वरडायचा. तवा तुमच्या शाळंला ऐकू आलं न्हाई. माझं पोरगं तुमच्या टेबलाखाली बसलंय, तर आता तुमाला दिसंना झालंय. कान गेल्ते, आता डोळं बी गेलं का?”

“आवाज खाली. नाव कमी करावं लागेल मला.”

“करा. पर लिवा खरं. पोरगं रोज समोर बसत हुतं आन् आमी त्याला गैरहजर मांडलं, असं लिवा. खाली सही करा. त्यो कागद घिऊन मी जिल्हा परिषदेत जातो.”

आबासाहेब सरांनी पेन उचललं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

“लिवा,” भाऊसाहेब म्हणाला. “लिवा ना. एवढं काय त्यात?”

पेन हललं नाही. सरांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि काही वेळाने त्यांनी हजेरीपट मिटून खणात टाकला. नाव पटावर राहिलं, पण माफीचा शब्द त्या खोलीत कुणीच कुणाला म्हटला नाही.

भाऊसाहेब दाराशी गेला. मनगटावर दातांचे वळ होते. सवयीने तो मागे वळला आणि ‘चल’ म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. जयमालाकडेही त्याला बघवेना.

“नगर गाडी लागली आसंल फाट्यावर,” तो चौकटीकडे बघून म्हणाला. “वळखीचा डायवर हाय.”

आणि तो पायरी उतरून खाली उभा राहिला, पाठ फिरवून, जिथे त्याचा बाप बसायचा तिथे. मागून पावलं वाजण्याची तो वाट बघत राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.