कुल्फीवाल्याचा बर्फ

तुळशीराम सांभार विकणारा माणूस. सांभार म्हणजे कोथिंबीरच, पण धामणगाव बढ्याच्या बाजारात कोथिंबीर म्हणून ओरडाल तर लोक तुम्हाला पुण्याचे समजतील!

त्याची बायको अंबूबाई बुलढाण्याच्या दवाखान्यात, आयसीयूत होती. ताप अंगावर काढला आणि हिमोग्लोबिन पाचावर आलं. पूर्वी दोनदा रक्त चढवलेलं, त्यामुळे आता कोणाचंच जुळेना. डॉक्टर म्हणाले, अंगातच रक्त तयार व्हावं म्हणून इंजेक्शन देऊ, आठवड्याला एक. गुण यायला आठ-दहा दिवस लागतील.

इंजेक्शन खामगावला मिळालं. दुकानदाराने थर्माकोलच्या डब्यात थंड पाकीट घालून दिलं आणि थंडच ठेवा म्हणून बजावलं. झालं! मे महिन्याचं ऊन बघून तुळशीरामाचा जीव राहतोय कुठला? स्टँडवरच्या कुल्फीवाल्याकडून मीठ घातलेला बर्फ घेतला आणि बाटली त्यात दाबली. पानं काळी पडतात म्हणून जन्मभर सांभाराला बर्फ लागू न देणारा हा शहाणा! बुलढाण्यात उतरून पाहतो तर औषधाचा खडा. मुठीत धरल्यावर तो वितळला आणि औषध पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसू लागलं.

कोणाला कळणार होतं? पण आयसीयूतल्या नीरजा सिस्टरने बाटलीसाठी हात पुढे केला आणि त्याला राहवलं नाही.

"सिस्टर, हे गोठलं होतं. माही चूक हाय. मले काहीबी बोला, पण हे तिले देऊ नका."

नीरजा रागावली नाही. गोठलेलं औषध दिसायला चांगलं, पण कामाचं राहत नाही, हे दिलं असतं तर आपण आठ दिवस फुकट वाट पाहिली असती, असं तिने समजावलं. कपड्यात गुंडाळलेली थंड पाकिटं देऊन त्याला परत खामगावला धाडलं. दिवस मावळायच्या आत दुसरी बाटली अंबूबाईच्या दंडात गेली.

आज खत टाकलं तर उद्या पान हिरवं होत नाही, हे तुळशीरामाला कळत होतं. तरी तो रोज आकडा विचारी. पाच दिवस आकडा हलला नाही. अकराव्या दिवशी साडेसहा झाला. आठ पार झाल्यावर अंबूबाईला वॉर्डात आणलं.

"काऊन रडून राह्यले?" तिने विचारलं. त्याने बर्फाची सगळी गोष्ट सांगितली. तिने त्याचा हात हातात घेतला.

"खरं बोलले, म्हणून मी जित्ती हाय."

पुढच्या आठवड्यात तो ओल्या फडक्यात सांभाराची जुडी घेऊन नीरजाकडे गेला. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं वाटभर घोकलं होतं. समोर गेल्यावर नुसती जुडी पुढे केली.

"बर्फ लागू नाही देला, सिस्टर," एवढंच तो म्हणाला. नीरजाने जुडी दोन्ही हातांनी घेतली.