नवव्या प्रकरणातलं घोरणं

मी भोंगा बोलतोय. चपट्या नाकाचा, आखूड पायांचा आणि झोपेत घर डोक्यावर घेणारा कुत्रा.

फोन आला त्या दिवशी विशेष काही नव्हतं. आजी मटार सोलत होती, आजोबा शब्दकोडं सोडवत होते. आजी अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करते. फोन तिच्या ग्रंथालयातून होता.

"बाई, नवव्या प्रकरणात कुणीतरी घोरतंय हो!"

आजीनं चष्म्यावरून आजोबांकडे पाहिलं.

"मी? मी तर पेपर वाचत होतो!"

"हो, डोळे मिटून. चाळीस वर्षं बघतेय."

ते प्रकरण लावून ऐकलं, तर वरचा सूर माझा निघाला आणि खालचा त्यांचा. आजोबा खूश. "पठ्ठ्या कसा गाढ झोपतो बघ!"

आता माझी बाजू ऐका. माणसांना चपटं तोंड गोड वाटतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून आमचं नाक आत ढकललं गेलं. कवटी आखूड झाली, आतलं सामान मात्र तेवढंच राहिलं. चार खोल्यांचं बिऱ्हाड एका खोलीत कोंबावं तसं. त्यातून वाट काढताना हवा कुरकुरणारच. शिवाय आजोबांच्या ताटातले लाड; त्यानं मानही जाडावली.

मी हनुवटी आजोबांच्या चपलेवर टेकवून झोपायचो. "माझ्यावाचून चैन पडत नाही त्याला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जीव होताच माझा त्यांच्यावर. पण हनुवटी उंच राहिली की श्वास मिळतो, हे मी कसं सांगणार?

ते सांगितलं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी. आजी आम्हा दोघांना घेऊन आवाज बंद करायचं औषध मागायला गेली होती. बाईंनी माझ्या नाकपुड्या पाहिल्या, चपलेची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, "हे लाड नाहीत, काका. त्याला हवा पुरत नाहीये."

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. ऑपरेशन ठरलं: नाकपुड्या रुंद करायच्या, घशातला लोंबता पडदा कापायचा.

निघताना बाईंनी विचारलं, "तुम्हीही घोरता म्हणे. मध्येच श्वास अडकतो का?"

"अडकतो तर!" आजी म्हणाली. "मी कोपरानं ढोसते, की गाडी पुन्हा सुरू."

"मग तुमच्या डॉक्टरांना दाखवून या."

"आधी याचं होऊ दे," आजोबा हसले. "एका घरात एका वेळी एकच पेशंट पुरे."

माझं उरकलं. टाके सुटले, वजन उतरलं. आजोबांचं मात्र 'पुढच्या आठवड्यात'च चालू राहिलं.

दोन महिन्यांनी एका दुपारी ते जेवून आडवे झाले. शेजारच्या खोलीत आजी वाचत होती. आज दोघंही गप्प आहेत म्हणून तिनं एक प्रकरण जास्तच वाचून घेतलं. मग ती त्यांना चहाला उठवायला आली. ते उठलेच नाहीत.

आता मी कसाही पसरून झोपतो. आजीचं वाचन अगदी स्वच्छ येतं. मध्येच ती थांबते, कान देते, पुन्हा वाचू लागते.

तुमच्या घरी कुणी घोरत असेल, चार पायांचं किंवा दोन, तर हसा खुशाल. हसून झालं की दाखवून आणा. माझं वेळेवर झालं. आजोबांना डॉक्टरकडे न्यायचं राहून गेलं.