नाकावरची पट्टी

चातुर्मासात मी मौनाने जेवते. पानावर बसल्यापासून उठेपर्यंत बोलायचं नाही. चुकून बोललंच, तर तिथेच हात धुवायचे आणि त्या दिवशी पुन्हा अन्न घ्यायचं नाही. सासूबाई करायच्या, त्यांच्यामागे मी धरलं. आमच्या ह्यांना हे व्रत फार सोयीचं पडतं. मला न पटणारी जी गोष्ट सांगायची असेल, ती ते माझ्या भातावर वरण पडलं की सांगतात.

"सातारला जायचं ठरलंय," ते त्या दुपारी म्हणाले. "आमचं जुन्या गाड्यांचं मंडळ. पुढच्या पंधरवड्यातला रविवार. मी आपली फियाट नेणार. स्वतः चालवत."

माझा घास तोंडातच राहिला.

"ड्रायव्हर वगैरे नको. ड्रायव्हरच्या शेजारी बसून जायचं तर एसटी काय वाईट आहे?"

मी डाव्या हाताने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट केलं.

"पितृपंधरवडा आहे, ठाऊक आहे मला. पितरांना आनंदच होईल. गाडी त्यांचीच आहे."

गाडी खरंच सासऱ्यांनी घेतलेली. तिच्या गोल, फुगीर अंगामुळे लोक तिला डुक्कर फियाट म्हणतात. देवघर असलेल्या घरात मला तो शब्द चालत नाही, म्हणून हे तो मुद्दाम, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा उच्चारतात. सहकारनगरच्या आमच्या बंगलीत ती गाडी पोर्चमध्ये उभी असते आणि रिटायर झालेले हे हल्ली बहुतेक तिच्याखालीच असतात. डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालेलं. त्या डोळ्यांनी खंबाटकीचा घाट, रविवारची गर्दी, बाजूने सुसाट जाणारे कंटेनर. त्या दिवशी मी आमटी कशाशी खाल्ली ते मला आठवत नाही.

गाडीचं क्रोमचं काम उन्हाळ्यापासून चाललं होतं. बंपरवरचे गंजाचे ठिपके ह्यांनी चांदीचा कागद पाण्यात भिजवून, चोळून काढले. हेडलाइटच्या कड्या, दारांच्या मुठी बिबवेवाडीच्या मुलामेवाल्या योगेशकडे देऊन नव्याने मुलामा चढवून आणल्या. राहिली होती ती नाकावरची पट्टी. बॉनेटच्या मधून खाली उतरणारी, वीतभर लांबीची. तिच्या वरच्या टोकाला बारीक बारीक खड्डे पडले होते, एखाद्याच्या तोंडावर देवीचे व्रण असावेत तसे. कागदाने गेले नाहीत, पॉलिशने गेले नाहीत.

शुक्रवारी मला देवीला जायचं होतं, म्हणून बरोबरच निघालो आणि आधी योगेशकडे गेलो. लहानसं शेड, आत टाक्या, तारेला टांगलेले नळ आणि बाइकचे सायलेन्सर. योगेश माणूस बडबड्या. एका हातात फोन, दुसऱ्यात आमची पट्टी.

"काका, पट्टी चांगलीय हो. खड्डे फक्त इथंच, वरच्या टोकाला. इथं काय सांडायचं का रोज?"

ह्यांनी पट्टी हातात घेतली. चष्मा कपाळावर ढकलून जवळून पाहिली. मग सावकाश माझ्याकडे वळले.

"सांडायचं नाही," ते म्हणाले. "लावायचं."

लग्नानंतर हे पहिल्यांदा फॅक्टरीत निघाले तेव्हा मी तबक घेऊन दारात उभी राहिले होते. आमच्या माहेरी बाहेर पडणाऱ्याच्या कपाळाला कुंकू लावायची रीत. हे एक पाऊल मागे सरकले. "मी काय पोळ्याचा बैल आहे? लावायचंच असेल तर गाडीला लाव." सासूबाई हसल्या, सासरे पेपराआड हसले. मी गेले आणि गाडीच्या नाकाला लावलं. तेव्हापासून रोज पूजा झाली की ओल्या बोटाने हळद, कुंकू आणि त्यावर एक फूल. आपोआप गळून पडेपर्यंत पुसायचं नाही. गाडी बाहेर पडणार असो की नसो. ह्यांनी पुढे स्कूटर घेतली, कंपनीची बस धरली, तरी मी त्यांच्या नावाचं गाडीलाच लावत राहिले.

"मग बरोबर," योगेश म्हणाला. "ओल धरली. काकू, यापुढं मात्र काही लावू नका. हे लोखंड नाही, ओतीव जस्त आहे. एकदा घासून तांब्यानं खड्डे भरता येतील. परत पडले तर घासायला काही उरायचं नाही. आणि ही पट्टी आता कुठं मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पानावर बसले आणि पहिला घास घेतला, तेव्हा म्हणाले, "गाडीला आता कुंकू नाही. हळद नाही, फूल नाही. दसऱ्याला बघू. तेव्हाही टायरला."

टायरला!

पुढचे दिवस मला कशातच धड बसवेना. वाती वळायला घ्याव्यात तर एक जाड, एक बारीक. जप करताना माळेचा मेरुमणी हाताला लागला की कळायचं, मन कुठे तरी घाटात होतं. पूजा झाली की पाय आपोआप पोर्चकडे वळायचे. तिथे गाडी बिनपट्टीची, नाकावर दोन भोकं घेऊन उभी. मी करंडा घेऊन तशीच माघारी यायची. नुसता वेडेपणा आहे, हे मला कळत होतं. पण इतकी वर्षं जी गोष्ट रोज झाली, ती नेमकी हे घाटात जाणार त्याच दिवशी व्हायची नाही, हा विचार दाढेत अडकलेल्या तंतूसारखा जाता जात नव्हता. "नका ना जाऊ," असं एकदा संध्याकाळी म्हणून पाहिलं. "बरं," म्हणाले आणि ब्रेक तपासायला गेले.

पुढच्या शुक्रवारी देवीची ओटी भरून येताना पुन्हा योगेशकडे थांबलो. तांब्याचं काम झालं होतं. पट्टी तारेला लटकत होती आणि तिचा रंग बघून मी थबकलेच. माझ्या ताम्हनासारखा. चिंचेने नुकत्याच घासलेल्या ताम्हनासारखा. खड्डा एकही नाही.

"आता यावर निकल, त्यावर क्रोम," योगेश म्हणाला. "काकू, लांबून बघा बरं का. बोटाचं तेल जरी लागलं ना, तरी वरचा थर फुगतो. आज नाही, महिन्या-दोन महिन्यांनी फुगतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत बाहेर गेला. हेही बाहेर गेले. कुणाची तरी जुनी जावा मोटरसायकल आली होती आणि ती नुसती बघून पुढे जाणं ह्यांना जमणारं नव्हतं.

शेडमध्ये मी एकटी. टाकीत बुडबुडे येत होते. माझ्या पर्समध्ये करंडा होता.

मनात आलं ते इतकंच: आत्ता लावलं तर ते आत राहील. वरून निकल बसेल, क्रोम बसेल. कुणाला दिसणार नाही, कुणी पुसणार नाही, ओल धरणार नाही. रोज लावायलाही नको. हे कुठेही गेले, कितीही वर्षं गेले, तरी ते त्यांच्यापुढे असेल. मी करंडा उघडला. बोट कुंकवात बुडवलं. पट्टी हाताच्या अंतरावर हलकेच फिरत होती.



मग दिसलं ते वेगळंच. महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी हे जुन्या बनियनचा बोळा घेऊन पट्टी पुसतायत, आणि पुसता पुसता हात थांबलाय. नेमका तिथे. रिटायर झाल्यावरची पहिली दोन वर्षं हे खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत होते. गाडी पुसायला लागल्यापासून शीळ घालतात.

बोट मागे घेतलं. बोटाला लागलेलं कुंकू परत करंड्यात घालायचं नसतं. मी ते माझ्या मंगळसूत्राला लावलं. वळले तर हे दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"चल," म्हणाले. "जावाचा सायलेन्सर नकली आहे."

पट्टी आली. ह्यांनी स्वतः बसवली, दोन्ही स्क्रू पुन्हा पुन्हा आवळले. रविवार उजाडला तेव्हा मी लवकर पूजा उरकली होती आणि सवयीने तबक हातात घेऊन पोर्चमध्ये येऊन उभी राहिले. मग आठवलं. तबक कुठे ठेवावं कळेना. पट्टीत माझंच तोंड दिसत होतं, लांबट, वेडंवाकडं.

हे गाडीत बसले. इंजिन सुरू केलं. मंडळातले लोक कात्रजला थांबले होते, त्यांचा फोन येऊन गेला होता. मी बाजूला झाले. इंजिन तसंच धडधडत राहिलं, गाडी काही हलेना. मग बंद झालं.

दार उघडून हे खाली उतरले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"लाव."

"कशाला लावू?" मला खरंच समजलं नाही. "टायरला?"

"कपाळाला. बाकी काय उरलंय?" त्यांनी मान खाली केली. "लवकर. शेजारच्या जोशांच्या गल्लीतली माणसं दूध आणायला निघतील."

कुंकू जरा जास्तच लागलं, ठिपक्याचा टिळाच झाला.

"त्या दिवशी लावणार होतीस," ते खालूनच म्हणाले.

"हो."

"हं. माझ्यावर खड्डे पडायला तेवढीच वर्षं लागतील. पडू देत."

टोपी न घालता बसले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी हात कपाळाकडे नेला नाही. पुढचं मला दिसलं नाही.

सकाळ काही सरेना. मी डबे घासले, घासलेले पुन्हा घासले. पानावर बसले तेव्हा समोरच्या खुर्चीत मला न पटणारं सांगायला कोणी नव्हतं. वरणभाताचा पहिला घास घेतला. तेवढ्यात फोन वाजला. मी डाव्या हाताने उचलला आणि कानाला लावला.

"बोलू नकोस," हे म्हणाले. "जेवतेयस, माहीत आहे, म्हणूनच आत्ता केला. पोचलो. घाट चढताना एकदाही तापली नाही. घामाने तुझं कुंकू नाकावर उतरलंय, सगळे हसतायत. पट्टीकडे कुणी बघत नाहीये, माझ्याकडेच बघतायत." मागे माणसांचा गलका होता. "पुसलेलं नाही. ठेवतो. आमटी घे अजून."

मी आमटी घेतली.