शंभराची लाइन

कचेरीत शंभराची लाइन, म्हणजे शंभर एमबीपीएसचं इंटरनेट, आली, त्या दिवशी नकाशेबाईंनी हौसेने कीबोर्डसुद्धा पुसून घेतला होता. दोन महिन्यांत त्यांनी हात टेकले. सकाळी पाठवलेल्या पुलाच्या नकाशातले खांब दुपारी पोचत आणि कठडे दुसऱ्या दिवशी. तोवर तिकडच्या ठेकेदाराने या पुलाला कठडेच नाहीत म्हणून गाव डोक्यावर घेतलेलं असे.

साहेबांचा लाइनीवर फार विश्वास. ती त्यांनी स्वतः निवडली होती. उशीर होतो तो बाईंच्या हातामुळे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. शुक्रवारपर्यंत लाइनीचा दोष सिद्ध करा, नाहीतर नकाशे दुसऱ्या कुणाला देतो आणि तुम्ही आवक-जावक सांभाळा, एवढं बोलून ते मोकळे झाले. बाई एकवीस वर्षं नकाशेच काढत आल्या होत्या.

त्यांनी वेग मोजायला घेतला. सगळ्यांचे फोन खणात कोंबले, बाकीचे संगणक बंद करवले, वायर थेट आपल्या संगणकाला लावली. काटा चारावर जाऊन बसला. दुसऱ्यांदाही चार. तिसऱ्यांदा तर तीनवर घसरला, जणू त्याला उगाच उठवलं होतं.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज इतका मधाळ की रिसीव्हर पुसावा लागावा. तो म्हणाला, तोंडी तक्रार चालत नाही ताई, मोजणीचा व्हिडिओ काढा आणि आमच्या साइटवर चढवा.

म्हणजे लाइन लंगडी आहे हे सांगायला त्याच लंगडीला पळवायचं! मोबाइलची तऱ्हा तर विचारू नये. त्या इमारतीत खिडकीबाहेर कमरेपर्यंत लोंबकळलं तर रेंजची एक काडी दिसे. सोमवारी व्हिडिओ निम्म्यावर अडला. मंगळवारी नव्वद टक्क्यांना पोचला आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणून कोसळला. बाईंनी जेवणाचा डबाही उघडला नाही. बुधवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून त्या तडक धाकट्या नणंदेच्या घरी गेल्या. ‘वहिनी, बसा तरी,’ असं ती म्हणेपर्यंत व्हिडिओ गेलासुद्धा.

गुरुवारी कंपनीचं उत्तर आलं, साहेबांनाही प्रत. आपला व्हिडिओ अकरा सेकंदांत मिळाला. त्यावरून आपली लाइन उत्तम असल्याचे दिसते. तक्रार बंद करण्यात येत आहे.

साहेबांनी कागद बाईंच्या टेबलावर आपटला. व्हिडिओ नणंदेच्या घरून पाठवला होता, असं बाई जीव तोडून सांगत राहिल्या. साहेब हसले.

“आता नणंदेला कशाला मधे आणता?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी तिथेच परतवलं. मग उठून त्यांनी आपली खुर्ची साहेबांपुढे सरकवली.

“बसा साहेब. आजचा नकाशा तयार आहे, फक्त पाठवायचाय. तुमचा हात चपळ आहे.”

साहेब बसले. तासाभराने त्यांनी कोट काढला. तीन वाजता पडद्यावरची पट्टी एकसष्ट टक्क्यांवरून शून्यावर आली, तेव्हा बुटांच्या नाड्या सोडल्या. पाच वाजता ते कंपनीशी फोनवर बोलत होते. “अहो, चारच दाखवतंय,” ते ओरडले. “पुन्हा व्हिडिओ? इथून तो चढणार कसा?”

बाईंनी पर्स खांद्याला लावली. साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि पट्टीवरची नजर न काढता ते म्हणाले, “नकाशे तुमच्याकडेच राहू देत.” मग आवाज खाली आणून विचारलं, “तुमच्या नणंदबाई आत्ता घरी असतील का हो?”