मागच्या कोठीचं पीठ

मक्याचा ट्रक फाटकातून आत आला तेव्हा मालक चहा पीत होते. कप तसाच ठेवून ते उठले. आठ हजार कोंबड्यांचा हा व्याप त्यांनी स्वतः उभा केला होता आणि दाण्याच्या बाबतीत ते कोणावरही विसंबत नसत. प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे काढून हुंगायचे, मग अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली पसरून पाहायचे. बुरशी लागलेला दाणा त्या उजेडात हिरवट पिवळा चमकतो. तसं काही दिसलं की पोत्यावर कोळशाने फुली. फुलीचं पोतं शेडकडे जात नसे.

"कोंबडी मुकी असते रे," ते हमालांना सांगत. "तिची काळजी आपणच घ्यायची."

फुलीची पोती घरामागे जात. तिथे पत्र्याची एक उंच कोठी होती. स्वयंपाकघरातल्या पुढच्या कोठीत बाजारातून आणलेलं स्वच्छ पीठ असे. ते मालक आणि त्यांचे दोन मुलगे खात. मागच्या कोठीतला मका निवडून, धुऊन, दळून घरातल्या तिघी बायका खात: मालकीणबाई, थोरली सून आणि धाकटी सून. त्याही पुरुषांचं आवरल्यावर. हा नियम कोणी केला हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. मालकीणबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने त्यांना ती कोठी दाखवली होती. त्यांनी ती थोरलीला दाखवली, थोरलीने धाकटीला. पहिल्या घासाला धाकटीने तोंड वाकडं केलं तेव्हा थोरली हसून म्हणाली होती, "चार दिवस कडू लागतं गं. मग जीभ सरावते."

त्या दिवशी ट्रकपाठोपाठ आणखी एक गाडी आली. तिच्यातून अन्नातल्या विषांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेतल्या बाई उतरल्या. खांद्यावर पेटी, पेटीत बर्फ आणि बाटल्या. गावोगाव कोठारांतून आणि घरांतून नमुने गोळा करत फिरत, म्हणून लोकांनी त्यांचं नाव बाटलीबाई ठेवलं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

"या, या!" मालक खुशीत म्हणाले. "आमच्याकडे बाटली घेऊन आलेला माणूस परत जात नाही."

बाई हसल्या. खाद्याचे नमुने घेताना त्यांनी सहज विचारलं, "फुली मारलेल्या पोत्यांचं काय करता?"

"वाया नाही घालवत आम्ही काही."

"मग?"

"लागतं घरात कुठेकुठे." मालकांनी विषय बदलला.

अभ्यासात घरातलं धान्यही तपासायचं होतं. थोरलीने पुढच्या कोठीतलं वाटीभर पीठ आणून दिलं. बाई बाटलीला झाकण लावणार एवढ्यात दारात उभी असलेली धाकटी म्हणाली, "आमचं पण घ्या की. मागचं."

थोरलीने मान खाली घातली. बाईंनी धाकटीकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं आणि शांतपणे दुसरी बाटली काढली. ते पीठ नाकाशी नेताच कुबट वास आला. घरातल्या सहाही मोठ्या माणसांच्या लघवीचे नमुने त्यांनी घेतले. धाकटीच्या मांडीवर आठ महिन्यांची मुलगी होती, म्हणून तिच्या दुधाचाही घेतला.

"हे खाऊ नका," असं त्यांना त्याच क्षणी म्हणायचं होतं. पण निकाल हाती येण्याआधी कोणाला घाबरवायचं नाही, हा प्रयोगशाळेचा नियम. त्या काही न बोलता गाडीत बसल्या. पुढे कित्येक महिने त्यांना त्या न बोलण्याची लाज वाटत राहिली.

गाडी वळणाआड गेली. मालकांनी कोणाला हात लावला नाही, कधीच लावत नसत. ते फक्त मुलांना म्हणाले, "घरातलं बाहेर काढायची हौस कोणाला आली होती, ते बघा जरा."

धाकट्याने बायकोला स्वयंपाकघरात ओढलं आणि तोंडावर मारलं. एकदा, मग पुन्हा. तिच्या ओठातून रक्त आलं. मुलगी किंचाळू लागली. तेवढ्याने थोरल्याचं समाधान झालं नाही. तो खाद्य उचलायचं लोखंडी फावडं घेऊन आला. "असं मारतात का? बायको आहे की पाहुणी?" म्हणत त्याने ते उगारलं. थोरली मध्ये शिरली. फावड्याची कड तिच्या खांद्यावर बसली. हाडाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मालकीणबाई चुलीसमोर बसून होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. रोटी करपली, तेव्हा उलटली.

दोन आठवड्यांनी थोरलीचे डोळे पिवळे झाले. जेवण जाईना, पोट फुगलं, पाय सुजले. बांधलेल्या हाताने ती अंडी गोळा करायला जायची आणि शेडच्या खांबाला टेकून उभी राहायची.

"जाऊबाई, दवाखान्यात चला," धाकटी म्हणायची.

"कावीळ आहे गं. उतरेल." मग आवाज खाली आणून, "यांना आता सांगितलं तर म्हणतील, खांद्याचं नाटक पुरलं नाही, म्हणून हे नवीन काढलं."

आणि तसंच झालं. एका सकाळी ती अंथरुणातून उठली नाही. थोरल्याने तिला केसांना धरून अंगणात आणलं. "अंडी काय माझी आई गोळा करणार?" ती उठायला लागली, तशी त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती पोटाशी गुडघे घेऊन मातीत पडली. तिच्या तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही.

त्याच सकाळी तीन नंबरच्या शेडमध्ये चाळीस कोंबड्या मेल्या. हमालाच्या हातून फुलीचं एक पोतं चुकून तिकडे गेलं होतं. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी स्वतः बाटलीबाईंना फोन लावला आणि जवळजवळ रडत म्हणाले, "बाई, ताबडतोब या. माझी जनावरं मरतायत."

बाई दुपारी आल्या. निकालाचे कागद कालच हाती आले होते आणि आज त्या येणारच होत्या. अंगणात पाट मांडून त्यांनी मेलेली कोंबडी उताणी ठेवली, छातीखाली सुरी घातली आणि एका झटक्यात तिला उघडलं. रक्त पाटावरून ओघळलं. धाकटी परात धरून उभी होती. बाईंनी दोन बोटांनी काळीज बाहेर काढलं. ते लाल नव्हतं. पिवळट, ठिसूळ, बोटाने दाबताच भुगा व्हावा तसं.

"बुरशीच्या विषाने यकृत, म्हणजे हे काळीज, असं होतं," बाई म्हणाल्या. "अफ्लाटॉक्सिन. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, धुऊन जात नाही, भाजून मरत नाही."

धाकटीने ओट्यावर अंग टाकून बसलेल्या थोरलीकडे पाहिलं. तिचे पिवळे डोळे, फुगलेलं पोट. "आणि माणसाचं कसं होतं?" तिने विचारलं.

बाईंची नजर तिच्यामागोमाग गेली. त्या सुरी टाकून उठल्या. थोरलीच्या पापण्या वर करून पाहिल्या, पोटाला हात लावला. लावताच ती कळवळली.

"यांना कधीपासून होतंय हे?" बाई ओरडल्या. "कोंबड्यांसाठी मला फोन केलात आणि ही बाई?"

"तुम्ही कोंबड्यांचं बघा," थोरला म्हणाला.

बाईंनी पिशवीतून कागद काढले. त्यांचे हात रक्ताने माखलेले होते, कागदांवर बोटं उमटली. "ऐका मग. अब्ज भागांत वीस भागांवर विष असलं, तर तो दाणा कोंबडीलाही घालायचा नाही, असा नियम आहे. तुमच्या खाद्यात नऊ भाग आहेत. पुरुषांच्या पिठात दोन. मागच्या कोठीत अकराशे. तिन्ही बायकांच्या लघवीत विष आहे, तिन्ही पुरुषांच्या नाही. आणि या लेकराच्या आईच्या दुधातही आहे."

धाकटीच्या हातातली परात खाली पडली.

थोरल्याने कागद हिसकावून फाडले. बाईंची पेटी उचलून दगडावर आपटली. काचांचा आणि बर्फाचा सडा पडला. त्याने बाईंना ढकललं, त्या काचांवर पडल्या, तळहात चिरला गेला. "पुन्हा फाटकात पाय ठेवलास तर कोंबडीसारखी फाडीन!"

तेवढ्यात थोरली पुढे झुकली आणि रक्ताची गुळणी जमिनीवर पडली. मग दुसरी.

बाईंनीच तिला आपल्या गाडीत घातलं. धाकटी मुलीला काखेत घेऊन शेजारी बसली. कोणी अडवलं नाही, कोणी बरोबरही आलं नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी थोरली गेली. शुद्धीवर होती तोवर ती एकच विचारत राहिली, "घरी कोणी अंडी गोळा करतंय ना?"

तिला मातीआड करून माणसं घरी आली. दुखवट्याला नात्यातले दहा-बारा पुरुष ओळीने जेवायला बसले. आत मालकीणबाई पुढच्या कोठीचं पीठ मळत होत्या. हात न थांबवता त्या धाकटीला म्हणाल्या, "आपल्यासाठी मागचं काढ."

धाकटीने मागचं काढलं. मळलं, थापलं, भाजलं. मग ती चळत परातीत घेऊन माजघरात गेली आणि सासरा, दीर, नवरा, तिघांच्या ताटांत एकेक रोटी वाढली. धाकट्याने घास मोडून तोंडाशी नेला, तशी ती म्हणाली, "थांबा. ही मागच्या कोठीतली आहे."

धाकट्याचा हात हवेतच राहिला.

"जाऊबाई नऊ वर्षं हेच जेवल्या. आई पस्तीस वर्षं जेवतायत. तुम्ही एक घास खाऊन दाखवा, मी जन्मभर गप्प राहीन." ती सासऱ्याकडे वळली. "मामंजी, खा ना."

मालकांनी ताट दूर सारलं. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

थोरला ताट उधळून उठला. त्याने धाकटीचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. दुसऱ्यांदा आपटलं. धाकटा घास हातात धरून बसून राहिला. तिसऱ्यांदा आपटणार तोच थोरला किंचाळून मागे सरला. मालकीणबाई चुलीतला लाल झालेला चिमटा घेऊन उभ्या होत्या. त्याच्या मनगटावरची कातडी चिमट्याला चिकटून आली होती.

"आई!"

"सोड तिला." त्यांनी चिमटा पुन्हा उगारला. "गेली तिलाही मीच वाढत होते. माझ्या या हातांनी वाढत होते रे मी." मग त्या चौकटीला धरून खाली बसल्या आणि छाती बडवू लागल्या.

त्याच संध्याकाळी धाकटी डोक्याला फडकं बांधून पोलीस चौकीत गेली. हवालदाराने विचारलं, "विष कोणी घातलं?" ती म्हणाली, "घातलं नाही कोणी. वाढलं." असं कसं लिहायचं ते त्याला कळेना. तिने तीनदा सांगितलं आणि लिहून झाल्याशिवाय ती उठली नाही. बाईंनी दवाखान्याचे कागद आणले. निकालाचे कागद फाडले गेले असले, तरी प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेला होता. थोरला कोठडीत गेला. मरण लाथेने आलं की विषाने, यावर वकील अजून भांडत आहेत. मालक सुटले, कारण त्यांनी कोणाला हात लावला नव्हता. मालकीणबाईंनी न्यायालयात उभं राहून स्वतःचाही दोष सांगितला, तेव्हा न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून ऐकलं.

धाकटी त्या घरात परत गेली नाही. सहा आठवड्यांनी बाईंनी तिचं दूध पुन्हा तपासलं. कागदावर लिहून आलं: आढळून आले नाही. तिने तो कागद दोनदा वाचला, मग मुलीला पदराखाली घेतलं आणि खूप दिवसांनी मनसोक्त रडली.

आता ती बाईंबरोबर नमुने गोळा करायला जाते. बाईंच्या प्रश्नावलीत पूर्वी चाळीस प्रश्न होते: धान्य कुठून येतं, किती दिवस ठेवता, ओल लागते का. धाकटीने त्यात एका प्रश्नाची भर घालायला लावली. बाईंनी ती पहिल्या क्रमांकावर घातली. प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांना तो प्रश्न शास्त्रीय वाटला नाही. बाई म्हणाल्या, "मग मी तपासलेल्या दोनशे घरांपैकी कितीतरी घरांत विष बायकांच्याच लघवीत का येतं, ते तुम्हीच समजावून सांगा." प्रश्न पहिलाच राहिला.

गेल्या महिन्यात एका घरात एक तरणी बाई त्यांच्यासमोर बसली होती. बाहेर ओसरीवर पुरुषांचं बोलणं चाललं होतं. धाकटीने कागद मांडीवर घेतला.

"तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? आणि काय जेवतं?"

"अहो, सगळे एकच जेवतो आम्ही," ती बाई मोठ्याने म्हणाली आणि हसली.

धाकटीने काही लिहिलं नाही. पेन तसंच धरून ती बसून राहिली.

समोरच्या बाईचं हसू हळूहळू मावळलं. तिने ओसरीकडे पाहिलं. मग ती उठली, आवाज न करता दार लावून घेतलं, कडी घातली आणि जवळ येऊन बसली.

"लिहा," ती म्हणाली.