देवळातला साप आणि मधाचा रोट

मी एक म्हातारा साप आहे, मित्रांनो. घाबरू नका, मला विष नाही. रंगाने मातकट, पोटाशी पिवळसर, लांबीला चार हातांना जरा कमी. अस्क्लेपिओस हा आमचा रोग बरे करणारा देव. समुद्राकाठच्या आमच्या गावात त्याचं लहानसं देऊळ आहे आणि त्या देवळातल्या गाभाऱ्याच्या फरशीखाली मी राहतो. लोक मला देवाचा साप म्हणतात. काही जण तर मलाच देव म्हणतात. मी नाही म्हणत नाही. मानाचा कंटाळा कुणाला येतो?

या मानाचं कारण माझी कात. मी कात टाकली की लोकांना वाटतं, याने म्हातारपण अंगावरून उतरवून ठेवलं. आजारी माणसाला दुसरं काय हवं असतं? मग कातीचा तुकडा उशाखाली ठेवायला नेतात. खरं सांगायचं तर कात टाकायच्या आधी माझ्या डोळ्यांवर पडदा येतो, अंग खाजून खाजून जीव नकोसा होतो. त्या दिवसांत मला कुणी देवपण विचारू नये! बाकीच्या देवांनीही आपापली जनावरं निवडली आहेत. झ्यूसचा गरुड, हेराचा मोर, अथीनाचं घुबड. घुबड नुसतं डोळे वटारून बसतं आणि शहाणं ठरतं. आमच्या देवाला कोंबडाही प्रिय आहे. बरा झालेला माणूस कोंबडा आणतो आणि देवापुढे कापतो. त्या मानाने साप होणं पुष्कळ बरं.

मला इथे आणलं लिसिलाने. ती तीस वर्षं देवळाची झाडलोट करतेय, दिव्यात तेल घालतेय. नवरा समुद्राने नेला, मूलबाळ नाही, देवळामागची खोली हेच तिचं घर. माझ्याआधीचा साप मेला तेव्हा मी वीतभर लांबीचा असताना तिने मला ऑलिव्हच्या ढोलीतून शोधून आणलं, फरशीखाली सोडलं आणि गावाला सांगितलं, "देव पुन्हा तरुण झालाय." गावाने टाळ्या वाजवल्या. त्याला आता अठरा वर्षं झाली.

महिन्याच्या पहिल्या दिवशी लिसिला जवाच्या पिठाचा, मधात घोळलेला, अंड्याएवढा रोट माझ्या बिळाशी ठेवी. दुसऱ्या सकाळी गाव बघायला येई. रोट संपलेला असला म्हणजे देव घरात आहे. तो कधीच उरला नाही.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. रोट मी खात नव्हतो. साप कधी पीठ खातो का? रोट उंदीर खायचे आणि उंदीर मी खायचो. सगळे खूश होते, उंदीर सोडले तर. लिसिलाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सांडलेले कण ती गालातल्या गालात हसत झाडून टाकी.

यंदा पुजारीपणाची चिठ्ठी निकोनच्या नावाने निघाली. धंद्याने दोरखंड वळणारा, मनाने सरळ, पण स्वच्छतेचं भारी वेड. त्याच सुमारास लिसिलाची बहीण डोंगरापलीकडच्या गावात वारली. लिसिला तिकडे गेली. सुतक असताना देवळाची पायरी चढायची नाही हा आमच्याकडचा कडक नियम. सगळे दिवस मोजून, समुद्रात डोकं बुडवून अंघोळ करून ती परतली, ती महिन्याच्या पहिल्याच दिवशी. तोवर निकोनने देऊळ आरशासारखं लख्ख केलं होतं.

"बघा मावशी, कसं दिसतंय?" त्याने विचारलं.

लिसिलाने भिंतींच्या कडेला पाहिलं. "आणि ही बिळं?"

"बुजवली चुन्याने! एक ठेवलं नाही. देवाच्या घरात उंदीर म्हणजे काय, शोभतं का?"

बोलणार काय बिचारी? रोट उंदीर खातात म्हणावं, तर तीस वर्षं गावाला फसवलं असं होणार. तिने गुपचूप रोट मळला आणि ठेवला.

सकाळी रोट जसाच्या तसा.

गाव हादरलं. मासे विकणारी मिका सगळ्यांत पुढे होती. "देव गेला की काय ग बाई! माझ्या लेकीचा ताप उतरत नाहीये, आता कुणाच्या पाया पडू?" मग तिची नजर लिसिलावर गेली. "मावशी, खरं सांग, दिवस नीट मोजलेस ना?"

"मोजले ग. बोटांवर मोजले."

"मग देवाने तुझ्या हातचं का टाकलं?"

गावातल्या जाणत्यांनी ठरवलं: सात दिवसांनी तिने सगळ्यांसमोर पुन्हा रोट ठेवायचा. सापाने खाल्ला तर ती राहील. नाही खाल्ला, तर तिच्या हाताला विटाळ आहे, तिने देऊळ सोडायचं. तोवर आत पाऊल टाकायचं नाही.

फरशीला गाल टेकला की माणसांची चाहूल मला हाडांत कळते. ते सात दिवस तिची पावलं कळली नाहीत. बाहेर जायची माझी वाटही निकोनने बुजवली होती, देव पळून जाऊ नये म्हणून. पोटात कावळे ओरडत होते. पण भुकेपेक्षा मला तिची काळजी लागली होती. या वयात ती जाणार कुठे? मला वाचा असती तर गावाला चार शब्द सुनावले असते.

सातव्या दिवशी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. लिसिलाने रोट ठेवला. माझ्याकडे वाकून ती पुटपुटली, "जाऊ दे रे. तुझ्या आवाक्यातली गोष्ट नाही ही."

मी बाहेर आलो. रोटाभोवती एक वेढा घातला. जीभ लावली. शी! मधाचा वास मला मुळीच सोसत नाही. मग मनाशी म्हटलं, पक्ष्यांची अंडी गिळतोसच ना? हेही अंडंच समज. जबडा फाकवला आणि रोट तोंडात घेतला. मध टाळूला चिकटला, पीठ घशात अडकलं, डोळे बाहेर यायची पाळी आली. कुणीतरी म्हणालं, "मरतोय तो!" मी थांबलो नाही. ढकलत ढकलत अखेर तो गोळा गळ्याखाली उतरला.

देऊळ दणाणलं. मिका लिसिलाच्या गळ्यात पडून रडली. "चुकले ग मावशी, माझ्या जिभेला हाड नाही!" मग सगळे गात गात बंदराकडे गेले.

मी कसाबसा कोपऱ्यात गेलो आणि सगळा रोट ओकून टाकला.

लिसिला धावत आली. पदराने तिने माझं तोंड पुसलं, जबड्यातला मध बोटाने काढला. "वेडा आहेस का रे तू? कुणी सांगितलं होतं तुला? मेला असतास म्हणजे?" एकीकडे ती रागावत होती, एकीकडे रडत होती. मग चुलीची लोखंडी सळई आणून ती भिंतीशी बसली आणि चुना खरवडू लागली. चुना पक्का होता. हातात तेवढा जोर नव्हता.

दारात निकोन उभा होता. तो कधी परतला ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. त्याने ओकलेला रोट पाहिला, माझ्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे पाहिलं, बुजवलेल्या बिळाकडे पाहिलं. लिसिलाची सळई थांबली. तीस वर्षांचं गुपित त्याच्यासमोर फरशीवर पडलं होतं.

निकोन आत येऊन तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला.

"इकडे द्या ती सळई, मावशी," तो म्हणाला. "चुना मी लावला होता."

संध्याकाळपर्यंत त्याने सगळी बिळं मोकळी केली. चौथ्या दिवशी मी जेवलो.

मित्रांनो, एखाद्या जनावराला मान द्यायचा असेल तर जरूर द्या. पण आधी ते काय खातं, कुठून येतं-जातं, एवढं बघून ठेवा. मला देव म्हणून हात जोडणारे आजवर शेकड्यांनी आले. मला भूक लागली असेल, हे मात्र दोघांनाच सुचलं.