मामाचा हक्क आणि आईच्या तंतुकणिका

सोमशेखरचं लग्न शिवांजलीशीच लावायचं, असं अज्जानं संकेश्वरात बसून ठरवलं आणि कोल्हापूरला लेकीच्या घरी फोन केला. विचारायला नव्हे, सांगायला. सोमशेखर म्हणजे अज्जाचा धाकटा मुलगा, आणि शिवांजली त्याची सख्खी भाची. त्यांच्यात भाचीवर पहिला हक्क मामाचा, अशी रीत होती. अलीकडे शिकलेली पोरं ती जुमानत नव्हती आणि म्हाताऱ्यांनीही तिचा नाद सोडला होता. पण सोमशेखरची दोन लग्नं ठरून मोडली, तसा अज्जाला त्या हक्काचा एकदम पुळका आला.

मोडली ती का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन तिशीत गड्याच्या दोन्ही कानांत यंत्रं, आणि वर साखर. अंगानं काटकुळा, खाणं बेताचं, तरी साखर. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो सुपरवायझर होता. तिथल्या दणदणाटानं कान गेले, असं घरचे सांगायचे. मुलीकडचे ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे आणि घरी जाऊन नकार कळवायचे. उद्या पोरंबाळं बहिरी निपजली तर काय घ्या, असं त्यांचं म्हणणं.

शिवांजलीची आई महादेवी ही सोमशेखरची थोरली बहीण. तिलाही कमी ऐकू यायचं आणि तिलाही साखर होती, पण बाईमाणसाचं दुखणं कोण एवढं मनावर घेतो? तिची साखर गोड चहामुळे, आणि कान लहानपणी विहिरीत पोहताना पाणी गेल्यामुळे. अज्जी तर कधीच गेली. शेवटी ठार बहिरी झाली होती, पायाची जखम साखरेनं भरली नाही. तिचं म्हातारपण म्हणून सोडून दिलं. म्हातारपण कसलं डोंबलाचं, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती बाईनं! एकाच घरात एका दुखण्याची तीन कारणं सुखानं नांदत होती आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

शिवांजलीनं ऐकल्या ऐकल्या नाही म्हटलं. ज्या मामाच्या खांद्यावर बसून रंकाळ्यावर भेळ खाल्ली, त्याच्या गळ्यात माळ घालायची? लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान चालवणाऱ्या तिच्या आप्पांनी, रामलिंगांनी, हात झटकले. "तुझ्या आईच्या माहेरचा विषय हाय, मी मधी पडत न्हाय," म्हणाले आणि दुकानाकडे गेले.

महादेवी मात्र लेकीच्या मागेच लागली. "रक्त ठावकीचं हाय की गं. परक्या घरात काय निघंल ते आपल्याला काय म्हाईत?"

"अव्वा, मला तो नवरा म्हणून नको हाय."

"मग त्यानं काय जलमभर एकट्यानंच ऱ्हायाचं?"

मामा शिवांजलीला जिवापाड आवडायचा. त्याच्या फौंड्रीत तपासणीला असलेली स्वप्नाली त्याला पसंत होती आणि तिलाही तो पसंत होता, हे त्यानं फक्त शिवांजलीला सांगितलं होतं. मुलगी समाजातलीच, हुपरीची. पण तिचा बाप आकाराम पैंजणांचा कारागीर, चांदी पारखावी तसा माणूस पारखणारा. बहिऱ्याच्या घरात लेक देणार नाही, म्हणून तो हटून बसला होता.

शिवांजली कागलजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. त्या आठवड्यात अकरावीला पेशी चालू होती. तिनं फळ्यावर भलीमोठी पेशी काढली. मधोमध केंद्रक, कडेनं पटल, आणि मधल्या जागेत शेंगदाण्याएवढ्या तंतुकणिका, आतल्या घड्यांसकट. त्या घड्यांवर अन्नातून ऊर्जा तयार होते, पेशीचं सगळं काम त्या ऊर्जेवर चालतं, ज्या पेशीला राबणं जास्त तिच्यात तंतुकणिका जास्त, हे तिनं नेहमीसारखंच सांगितलं. मग नेहमीचंच पुढचं वाक्य. तंतुकणिकांचा स्वतःचा थोडा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून येतो.

"म्हणजे मॅडम, वडिलांचं काहीच न्हाय?" मागून एका मुलीनं विचारलं.

"केंद्रकात निम्मं वडिलांचं असतंय की. पण तंतुकणिका बीजांडातल्या, म्हणजे आईच्या. मुलगा असो, मुलगी असो, दोघांनाही आईच्याच मिळतात. पण पुढे देते ती फक्त मुलगी. मुलाच्या त्याच्याबरोबरच संपतात."

हे वाक्य तिनं कितीतरी वर्गांत म्हटलं होतं. त्या दिवशी मात्र ते म्हणताना तिला अज्जी आठवली. मग अव्वा. मग मामा. तिनं खडू खाली ठेवला आणि पोरांना आकृती उतरवून घ्यायला सांगितलं. वर्ग सुटेपर्यंत ती खिडकीशी उभी होती, आणि पोरांना वाटलं, मॅडमचं डोकं दुखतंय.

तिनं मामाला पटवलं आणि राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी घराण्याची माहिती विचारली, रक्त पुण्याला पाठवलं. शिवांजलीनं आपलंही घ्यायला सांगितलं. मामानं का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आलोयच तर देते."

निकाल आल्यावर बाईंनी दोघांना समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. तंतुकणिकांच्या डीएनएत एका जागी चूक आहे. कानातल्या पेशी आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यांना ऊर्जा फार लागते, म्हणून त्या आधी दमतात. फौंड्रीचा आवाज आणि गोड चहा यांना उगाच बोल लागला.

"आणि मुलं?" मामानं जीव मुठीत धरून विचारलं.

"तुमच्या मुलांना हे तुमच्याकडून जाणार नाही. तुमच्या बहिणीकडून जातं." बाई शिवांजलीकडे वळल्या. "तुमच्यातही आहे. त्रास आज नाही, पुढे होईल किंवा होणारही नाही. पण मुलांना जाईल. कुणाला कमी, कुणाला जास्त, हे आधी सांगता येत नाही. पुढचे मार्ग आहेत, त्याबद्दल निवांत बोलू."

म्हणजे सगळं उलटंच होतं. जगातली कुठलीही परकी मुलगी सोमशेखरला चालणार होती. चालणार नव्हती ती फक्त त्याच्या बहिणीची लेक, जिचं रक्त ठावकीचं म्हणून अज्जानं निवडली होती. तो जिना उतरताना आधी हसला, आणि खालच्या पायरीवर जाऊन एकदम थांबला.

"शिवा, हे आकारामला सांगायचं न्हाय," तो म्हणाला.

"का? आता तर सांगायला पायजे की."

"मग तो विचारणार, कुणाकडनं जातंय. घरात लग्नाची पोरगी एकच हाय. माझं राहू दे. आणि उद्या तुला कोण न्हाईच म्हटलं, तर अज्जा म्हणतोय तसं करू."

शिवांजलीचं डोकं सणकलं. "उपकार करतोस व्हय रं माझ्यावर? तुझी पोरं चांगली निपजायची आहेत आणि तू ती माझ्या पायी बहिरी करून घेणार? गप बस, मामा."

भररस्त्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामावरच्या रागानं आलं की स्वतःच्या भीतीनं, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. भीती मात्र होती. तिला लग्न करायचं होतं, मुलं हवी होती, आणि तिनं ते कधी लपवलं नव्हतं.

त्या रविवारी तिनंच आकारामला बोलावून घेतलं. अज्जाही संकेश्वराहून आला, कारण आपल्याला न विचारता बैठक होतेय हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं. आप्पा कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसले. मामा खाली मान घालून होता. महादेवी आतबाहेर करत पोहे वाढत होती.

शिवांजलीनं वर्गात सांगते तसं सांगितलं. पेशी, तिच्यातल्या तंतुकणिका, त्यांची ऊर्जा, आणि त्या कुणाकडून कुणाकडे जातात ते. आकाराम मन लावून ऐकत होता.

"म्हंजे ह्या पोरामागं हे खुटलं?" त्यानं विचारलं.

"खुटलं. त्याच्याकडनं पुढं जात न्हाय."

"बायकांवर ढकलतीस व्हय गं?" अज्जा कडाडला. "कारखान्यानं कान गेल्यात त्याचं!"

"अज्जा, अज्जी कुठल्या कारखान्यात होती?"

आकारामनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "पावणं, राग मानू नका, पण इचारतो," तो तिच्या आप्पांकडे बघून म्हणाला. "मग ह्या तुमच्या पोरीचं?"

मामानं मान वर केली. "तिचा काय संबंध हितं?"

"हाय संबंध," शिवांजली म्हणाली. "माझ्यात हाय. माझ्या मुलांना जाईल."

आप्पांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. मग आकारामनं घसा खाकरला. सोमशेखरला लेक द्यायला आपली ना नाही, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा चेहराही उजळला. जाताना मात्र उंबऱ्याशी घुटमळला.

"माझ्या थोरल्या भावाचा पोरगा हाय, ऋतुराज. शिकल्याला हाय, कागलच्या एमआयडीसीत हाय. तुमच्याबद्दल इचारावं म्हणून मनात धरून आलतो आज," तो शिवांजलीला म्हणाला. "लई चांगल्या हाईसा तुम्ही." आणि चपला घालून गेला. पुढं बोलण्यासारखं राहिलंच काय होतं?

स्वयंपाकघरात महादेवी ओट्याला टेकून उभी होती. बाहेरचं तिला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं होतं. शिवांजलीनं जवळ जाऊन सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, मोठ्यानं.

"म्हंजे तुला हे माझ्याकडनं आलं," महादेवी म्हणाली.

"तुला अज्जीकडनं आलं, अव्वा. ह्यात कुणाचा दोष न्हाय."

"दोषाचं इचारत न्हाय मी. आलं का माझ्याकडनं?"

"व्हय."

महादेवीनं पदरानं चेहरा पुसला. रिकाम्या बशा गोळा करून तिनं नळाखाली ठेवल्या, नळ सोडला आणि परत बंद केला.

"माझ्या लग्नाच्या टायमाला कुणी असं उठून बोललं असतं, तर तुझ्या आप्पांनी मला केलीच नसती," ती म्हणाली. "बरं झालं, तवा घरात तुझ्यागत शिकलेलं कोण नव्हतं."

"म्हणजे मी आज बोलायला नको होतं?"

"तू बोललीस ते बराबर केलंस. सोमूचं भलं झालं." महादेवीनं लेकीचा दंड धरला, चांगला घट्ट. "पण तवा कोण बोललं असतं तर तू झाली नसतीस. आणि मला तू पायजे होतीस."